शेवटचे कडवे गाळू नका

यंदाच्या भीमजयंतीला जालन्यातल्या एका वस्तीच्या विहारात मुलांच्या गायन स्पर्धेला आम्हाला परीक्षक म्हणून बसवले होते. सूर-ताल आम्हाला फारसे कळत नाहीत, पण मंडळाच्या पोरांनी खुर्ची पुढे केली आणि आम्हाला नाही म्हणता आले नाही. नववीतली एक मुलगी उभी राहिली. वडील सळईच्या कारखान्यात कामाला, आई चार घरची धुणीभांडी करणारी. पोरीने बाबासाहेबांच्या जन्मावरचे एक गाणे असे म्हटले की मागे चहा वाटणारेही थांबले. टाळ्या झाल्या. आम्ही सहज विचारले, "बेटा, हे गाणे कोणाचे?" तिने एका नामांकित गायकाचे नाव सांगितले. मोबाईलवर तिने त्यांच्याच आवाजात ते ऐकले होते. पुन्हा टाळ्या झाल्या.

तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली एक आजी म्हणाली, "लई ग्वाड म्हणलीस गं माय. पर शेवटचं कडवं ऱ्हायलं. त्याच्यातच तर नाव हाय गाणं करणाराचं." आणि आजीने बसल्या जागी, दात नसलेल्या तोंडाने ते कडवे म्हटले. शेवटच्या ओळीत 'वामन' हे नाव आले.

मुलीने विचारले, "सर, वामन कोण?"

आम्ही तिला दोन वाक्यांत उत्तर दिले आणि पुढचा स्पर्धक बोलावला. घरी आल्यावर मात्र ते दोन वाक्यांचे उत्तर टोचू लागले. ज्याच्या गाण्यावर आपल्या तीन पिढ्यांनी जयंती साजरी केली, त्याच्यासाठी आपल्याकडे दोनच वाक्ये? म्हणून गेल्या खेपेला कबूल केलेला शिष्यवृत्तीचा विषय पुढच्या अंकावर टाकून आज त्या मुलीला पूर्ण उत्तर देत आहोत.

लोककवी वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. गाव देशवंडी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक. घरी गरिबी, आणि वडील वामनदादा लहान असतानाच गेले. त्या काळी आपल्या माणसांनी जे केले तेच या कुटुंबाने केले, मुंबईची वाट धरली. तेथे वामनदादांनी मिळेल ते काम केले. कोळशाच्या वखारीत राबले, चिक्की विकली, पुढे टाटा ऑइल मिलमध्ये लागले. शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. अंगात उत्साह होता, म्हणून समता सैनिक दलात सामील झाले.

शिवडीला राहत असताना एके दिवशी कोणीतरी त्यांच्याकडे एक पत्र घेऊन आले आणि म्हणाले, एवढे वाचून दाखवा. अंगाने धडधाकट, बोलण्यात हुशार असलेल्या या तरुणाला पत्र वाचता येणार नाही असे त्या बिचाऱ्याला वाटले नसावे. वामनदादांना ते वाचता आले नाही. त्या दिवशी त्यांना रडू आले. मग देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना अक्षरओळख करून दिली. पुढचे शिक्षण रस्त्यावर झाले. येता-जाता दुकानांच्या पाट्या वाचायच्या, अक्षराला अक्षर जोडायचे, जोडाक्षर अडले की कोणाला तरी विचारायचे. शाळेशिवाय शिकलेला हा माणूस पुढे हजारो गीतांचा कवी झाला. 'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला शब्द त्यांनी पाटीवर न गिरवता दुकानांच्या पाट्यांवर गिरवला.

३ मे १९४३ रोजी त्यांनी पहिले गाणे रचले. तेव्हाच्या एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरचे ते विडंबन होते. लोक हसले, खूश झाले. आपल्या शब्दांनी माणसे हलतात हे त्या तरुणाला कळले. त्याआधी भीमराव कर्डकांच्या आणि इतरांच्या जलशांनी गावोगावी हवा तापवलेली होतीच. जलसा म्हणजे आपले चालते-बोलते वर्तमानपत्र. ज्याला वाचता येत नव्हते त्याला जलशाने चवदार तळे सांगितले, काळाराम मंदिर सांगितले, येवल्याची घोषणा सांगितली. आपल्या दहा भाषणांचे काम शाहिराचे एक गाणे करते, असे बाबासाहेब म्हणत, ही आठवण जुनी माणसे अजून सांगतात. त्या परंपरेत वामनदादा उभे राहिले आणि मरेपर्यंत बसले नाहीत.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. मधले दिवस मोजून त्रेपन्न. एवढ्या दिवसांत लाखो माणसांना नवा धम्म मिळाला आणि त्यांचा बाप गेला. देव्हारे रिकामे झाले होते, जुनी गाणी, जुने अभंग, जुन्या आरत्या तोंडातून काढून टाकायच्या होत्या. मग म्हणायचे काय? बाळाच्या नामकरणाला काय, मंगल परिणयाला काय, पुण्यानुमोदनाला काय? ही पोकळी ज्या माणसांनी भरली त्यांत वामनदादांचे नाव फार वरचे आहे. त्यांनी बाबासाहेबांवर लिहिले, तथागतांवर लिहिले, रमाईवर लिहिले, कामगारावर लिहिले, भांडवलदारांना हिशेब विचारणारी गाणी लिहिली. आणि आपल्यालाही सोडले नाही. बाबांच्या मताची खरी माणसे किती, हे मोजायला लावणारे त्यांचे गाणे आपण जयंतीत जोरात म्हणतो. ते आपल्यालाच उद्देशून आहे, हे म्हणताना विसरतो.

त्यांची गीते पुस्तकरूपाने १९७३ साली 'वाटचाल' आणि १९७६ साली 'मोहळ' या नावांनी आली. पुढे आणखी संग्रह आले, आत्मकथन आले, चित्रपटांसाठीही त्यांनी थोडी गीते लिहिली. परंतु त्यांचा खरा मुक्काम गावात होता. खांद्याला पिशवी, बरोबर एखादा ढोलकीवाला, एखादा पेटीवाला. मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात, ज्या गावाने बोलावले त्या गावी ते गेले. रात्री गाणे, पहाटे एस.टी. बिदागी गाव देईल ती. त्यांच्या गाण्यांवर पुढे किती कंपन्यांनी किती कॅसेटी खपवल्या कोण जाणे, पण स्वतः दादा श्रीमंत झाले नाहीत. १५ मे २००४ रोजी नाशिकला ते कालकथित झाले. वय एक्क्याऐंशी. २०२२ साली त्यांची जन्मशताब्दी झाली.

आता त्या आजीच्या शेवटच्या कडव्याकडे येऊ.

आपल्या मराठी मुलखात शेवटच्या ओळीत आपले नाव गुंफायची जुनी रीत आहे. नामदेव, चोखामेळा, जनाबाई, तुकाराम, सगळ्यांनी ती पाळली. तिला नाममुद्रा म्हणतात. त्या काळी छापखाना नव्हता, कायदा नव्हता. कवीजवळ आपले नाव राखायचा एकच उपाय होता, ते गाण्याच्या पोटात शिवून टाकायचे. गाणे जिथे जाईल तिथे नाव जाईल. चोखोबांची समाधी मंदिराच्या पायरीशी राहिली, पण त्यांचे नाव त्यांच्या अभंगातून कोणाला उपटता आले नाही. वामनदादांनी हीच रीत उचलली. त्यांच्या बहुतेक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' येतोच. त्या कडव्यात कधी विनवणी असते, कधी स्वतःलाच टोमणा असतो.

मग हे नाव हरवले कसे? चोरी कोणी ठरवून केली असे आम्ही म्हणणार नाही. ते यंत्राच्या मापामुळे झाले. विहारापुढच्या मांडवात गायनपार्टी एक गाणे पंधरा-वीस मिनिटे चालवते. धृवपद घोळवायचे, मध्ये शेर टाकायचा, समोरच्या पार्टीला सवाल करायचा, मग पुढचे कडवे. रात्र आपलीच असते. पण जुन्या काळी ७८ गतीची तबकडी एका बाजूला तीनेक मिनिटेच वाजायची. गाणे तेवढ्यात बसवायचे म्हटले की कात्री लागणार. पुढे १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. त्यात चार-पाच गाणी घालायची, प्रत्येक गाण्याच्या आधी आणि मध्ये वाद्यांचे तुकडे घालायचे, म्हणजे गाण्याला सहा-सात मिनिटे उरतात. कडवी गाळावी लागतात. आणि गाळायची म्हटले की कोणते गाळतात? पहिले कोणी गाळत नाही. शेवटचे जाते. त्याच्याबरोबर नाव जाते.

कॅसेटच्या वेष्टणावर गायकाचा फोटो मोठा असायचा. संगीत देणाऱ्याचे नाव त्याखाली. गीतकाराचे नाव कधी बारीक अक्षरात, कधी 'पारंपरिक', कधी नाहीच. पुढे कॅसेटची सीडी झाली, सीडीतली गाणी मोबाईलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मेमरी कार्डावर भरून मिळू लागली. त्यात वेष्टणही गेले. आता मोबाईलवर गाणे येते, त्यावर अपलोड करणाऱ्या पोराचे नाव असते आणि डीजेचे नाव असते.

गायकांचे ऋण कमी आहे असे यातून कोणी समजू नये. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते यांनी आपला गळा झिजवला म्हणून भीमगीते घराघरांत पोहोचली. प्रल्हाददादा गेले २३ जून २००४ ला, वामनदादांच्या मागोमाग सव्वा महिन्यात. विठ्ठलदादा उमप २६ नोव्हेंबर २०१० ला नागपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात, रंगमंचावरच कोसळले. अशी माणसे पुन्हा होत नाहीत. आमचे म्हणणे एवढेच की गाण्याला दोन पालक असतात. एकाचे नाव दाखल्यावर लिहायचे आणि दुसऱ्याचे खोडायचे, हा न्याय नाही.

आम्ही कारकून माणूस. आमच्या टेबलावर एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाली तर संध्याकाळपर्यंत ती उलटी फिरवावी लागते, नाहीतर मेळ बसत नाही. इथे पन्नास वर्षांच्या नोंदी चुकीच्या खात्यावर पडल्या आहेत आणि आपण मेळ बसला असे धरून चाललो आहोत.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. आपल्या देशात गीताचा स्वामित्वहक्क कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. म्हणजे वामनदादांच्या गीतांवर त्यांच्या वारसांचा हक्क २०६४ च्या अखेरीपर्यंत आहे. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून गीतकाराच्या मानधनातला वाटा कंपनीला कागदावर सही घेऊन सहज काढून घेता येत नाही. आणि हक्क विकला तरी 'हे माझे आहे' असे म्हणण्याचा कवीचा अधिकार विकला जात नाही. तो वेगळा अधिकार आहे. आपण विहारात विनातिकीट गाणे म्हटले तर कोणी हरकत घेणार नाही, पण नाव घेणे हे तर कायद्याच्याही आधीचे, धम्माचे काम आहे. न दिलेले न घेणे हे आपल्या पंचशीलातले दुसरे शील. कोणाचे नाव गाळून त्याचे गाणे घेणे हे त्यात बसते की नाही, याचा विचार ज्याने त्याने करावा.

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी आमचा गुन्हा कबूल केला पाहिजे.

आमचे वडील मोंढ्यात हमाली करीत. दिवसा पोती, रात्री पेटी. वस्तीच्या गायनपार्टीत ते पेटी वाजवीत आणि गात. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. सोळा वर्षांचा लढा, जाळलेली घरे, मेलेली माणसे, सगळे सोसून झालेला तो नामविस्तार. त्या वर्षीच्या भीमजयंतीला काय उत्साह होता, हे ज्यांनी पाहिले त्यांनाच ठाऊक. आदल्या रात्री वडिलांच्या पार्टीने पहाटेपर्यंत गायन केले. बहुतेक गाणी वामनदादांची. वस्तीतल्या एकाने मुंबईहून आणलेला टेपरेकॉर्डर मंचाच्या कडेला ठेवला आणि एक कॅसेट भरली. ती त्याने वडिलांना दिली. वडिलांनी तिच्यावर बॉलपेनने 'जयंती १९९४' असे लिहिले आणि तिच्या वरच्या कडेचे दोन्ही बारके प्लास्टिकचे दात तोडून टाकले. ते दात तोडले की त्या कॅसेटवर दुसरे काही भरता येत नाही. हे त्यांना कोणी सांगितले होते कोण जाणे, पण त्यांनी ते आठवणीने केले.

दोन वर्षांनी आम्ही दहावीला होतो. मित्राकडे नव्या सिनेमाची गाणी होती, आम्हाला ती भरून हवी होती आणि कोऱ्या कॅसेटला पैसे नव्हते. तुटलेल्या दाताच्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला की मशीन फसते, ही युक्ती पोरांना माहीत असते. आम्ही तो बोळा कोंबला आणि पहिल्या बाजूवर सिनेमाची गाणी भरली. त्या वयात वडिलांचे गाणे रोजचेच वाटत होते. ते कुठे जाणार आहेत, असे वाटत होते.

वडिलांना महिन्याभराने कळले. ते रागावले नाहीत, मारले नाही. एवढेच म्हणाले, "दुसऱ्या बाजूचं तरी ऱ्हायलंय का?" दुसरी बाजू त्या रात्री नीट भरलीच गेली नव्हती. तिच्यावर नुसती खरखर होती. आम्ही "हो" म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

२००६ साली ते गेले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, मागच्या पावसाळ्यात पत्र्याच्या पेटीतून ती कॅसेट निघाली. आम्ही ती वाजवून पाहिली. सिनेमाची गाणी संपली, खट् असा आवाज झाला आणि त्याच्यामागून ढोलकी आली. फितीच्या शेवटची चारेक मिनिटे आमच्या हातून वाचली होती. वडिलांचा आवाज, माणसांचा गलका, कोणाचे तरी रडणारे मूल आणि एका गाण्याचे शेवटचे कडवे. वडिलांनी 'वामन' हे नाव तीन वेळा फिरवून म्हटले आहे आणि तिसऱ्या वेळेला सगळी पार्टी त्यात मिसळली आहे. आमच्या मुलांनी आजोबांचा आवाज तेव्हा प्रथमच ऐकला. बाकीची सव्वीस मिनिटे परत येणार नाहीत. फितीवर एकदा पुसले गेले की ते कोणत्याही मशीनला सापडत नाही.

म्हणून आम्हाला बोलण्याचा अधिकार आहे असे नाही, पण बोलण्याची गरज आहे.

ज्यांनी वेळेवर नोंद केली त्यांनी काय वाचवले तेही पाहा. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या गटाने जाऊन आपल्या मायबहिणींच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बाबासाहेबांवरच्या, रमाईवरच्या, धम्मावरच्या त्या ओव्या आहेत. या गटाने महाराष्ट्राच्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि प्रत्येक ओवीखाली गाणाऱ्या बाईचे नाव व गाव लिहिले. आज त्यातल्या कित्येक बाया हयात नाहीत, जातीही अडगळीत गेली, पण आवाज आहे आणि त्याला नाव आहे. आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या, परतूरच्या, मंठ्याच्या, घनसावंगीच्या वस्त्यांत अशा आज्या अजून आहेत. त्यांच्याकडे कोण गेले आहे?

दुसरे उदाहरण शाहीर विलास घोगरे यांचे. मुंबईच्या झोपडपट्टीत राहून गाणी करणारा आणि गाणारा हा माणूस. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याची विटंबना झाली, जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि दहा जण गेले. ते पाहून काही दिवसांतच घोगरेंनी आपले जीवन संपवले. त्यांनी फार कॅसेटी काढल्या नव्हत्या. पण आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात त्यांचे गाणे टिपलेले होते आणि २०११ च्या 'जयभीम कॉम्रेड' मध्ये त्यांची आणि इतर शाहिरांची कहाणी आली. कोणीतरी यंत्र चालू केले म्हणून तो आवाज उरला.

आता काय करायचे? आमच्या परीने जे करून पाहिले ते सांगतो. खर्च फार नाही.

घरातली, विहारातली, मंडळाची जुनी कॅसेट सापडली तर लगेच मशीनमध्ये घालू नका. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती जाणकाराला दाखवा. फीत स्वच्छ असेल तर आधी मशीनचे डोके स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसून घ्या, मग कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेली फीत सुटते. फीत तुटली असेल तर घरातली साधी चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक पसरून फीत खराब होते. कॅसेटीचे दात शाबूत असतील तर आधी तोडा. आमच्यासारखा मुलगा प्रत्येक घरात असतो.

टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या छिद्रातून वायर काढून कॉम्प्युटरला जोडली की आवाज त्यात भरता येतो. कॉलेजात जाणाऱ्या कोणत्याही मुलाला हे जमेल. त्याच्या तीन नकला करा, एक घरी, एक विहारात, एक नातेवाइकाकडे परगावी. मूळ कॅसेट फेकू नका. पत्र्याखालच्या उन्हात आणि स्पीकरच्या जवळ ठेवू नका, स्पीकरमध्ये चुंबक असते.

कॅसेट नसेल, पण माणूस असेल, तर त्याहून उत्तम. आज प्रत्येक खिशात टेपरेकॉर्डर आहे. आजीजवळ, आजोबांजवळ बसा. टीव्ही आणि पंखा बंद करा. मोबाईल मांडीवर उपडा ठेवू नका, समोर हातभर अंतरावर ठेवा. गाणे सुरू करण्याआधी त्यांच्याच तोंडून पाच गोष्टी वदवून घ्या: गाणाराचे नाव, गाव, आजची तारीख, गाणे कोणी रचले आणि आपण ते कोणाकडून शिकलो. पाचवी गोष्ट फार महत्त्वाची. गाणे गावात कसे आले, याचा पत्ता तिच्यात असतो. रचणारा माहीत नसेल तर 'माहीत नाही' असे म्हणू द्या, पण खोटे नाव लावू नका. आणि सगळी कडवी म्हणवून घ्या. घाई करू नका.

वह्यांचेही तेच. जुन्या गायनपार्ट्यांच्या वह्या असतात, दोनशे पानी, मळकट, कडेला तेलाचे डाग. पार्टीचा म्होरक्या गेला की वर्षभरात ती वही रद्दीत जाते. त्यात वामनदादांची गाणी असतात, तशी आपल्याच तालुक्यातल्या एखाद्या अनाम कवीचीही असतात, जी कुठेच छापली गेलेली नाहीत. त्या वह्यांच्या पानांचे फोटो काढून ठेवा. वही मागू नका, फोटो मागा. वही द्यायला माणसे बिचकतात आणि ते बरोबर आहे.

आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपण विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करतो. आमची सूचना अशी आहे की आठवड्यातून एक दिवस वाचन झाल्यावर अर्धा तास गाण्याला द्यावा. एका ज्येष्ठाने एक गाणे पूर्ण म्हणायचे, मुलांनी ते वहीत लिहायचे, एकाने मोबाईलवर घ्यायचे. तीन महिन्यांत बारा-तेरा गाणी होतील. जिल्ह्यातल्या पन्नास विहारांनी एवढे केले तर सहाशेच्या वर गाणी, नावानिशी, आवाजानिशी जमा होतील. जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च किती होतो, हे मंडळाच्या कार्यकर्त्यांना आम्ही सांगायला नको.

आणि जयंतीच्या मंचावर निवेदन करणाऱ्या तरुणांना एक विनंती. गाणे पुकारताना गायकाचे नाव घ्या, त्याचबरोबर कवीचे नाव घ्या. गायन स्पर्धेच्या नियमांत एक नियम वाढवा: गीतकाराचे नाव सांगणाऱ्याला पाच गुण. आमच्या विहारात पुढच्या वर्षीपासून तो नियम लागू करायचे ठरले आहे.

त्या नववीतल्या मुलीची गोष्ट सांगायची राहिली. आठ दिवसांनी आम्ही त्या वस्तीत जातीच्या दाखल्यांच्या कामासाठी गेलो, तेव्हा ती त्या आजीच्या ओसरीवर बसलेली दिसली. मांडीवर वही होती. आजी तांदूळ निवडीत होती आणि कडवे सांगत होती, पोरगी लिहीत होती. आम्ही विचारले, किती झाली? म्हणाली, "चार झाली सर. पण आजी म्हणते तिला चाळीस येतात." आजी मान वर न करता म्हणाली, "चाळीस कुठली गं, जास्तच असतील. तू लिही. बोलू नको."

ज्या माणसाला एके दिवशी पत्र वाचता आले नाही म्हणून रडू आले, त्याची गाणी आज नववीतली मुलगी आपल्या हाताने लिहून घेते आहे. वामनदादांना याहून मोठे मानधन कोणत्या कंपनीने दिले असते असे आम्हाला वाटत नाही. आपापल्या घरातली आजी शोधा, वही आणा, आणि शेवटचे कडवे गाळू नका.

नमो बुद्धाय! जयभीम!